हिशेबाची वही : माल खपतो, मग गल्ला रिकामा का?

पापड-मसाले करणाऱ्या महिला मंडळांतून एकच गाऱ्हाणं ऐकू येतं. माल खपतो, दहाजणींना काम मिळतं, पण दिवाळी सरली की उडीदडाळ भरायला पैसे नसतात. मग देणगीसाठी कुणाकुणाचे उंबरे झिजवायचे. देणाऱ्याचं मन फिरलं की दहाजणींचं काम बंद!

भगिनींनो, मार्च १९५९ मध्ये गिरगावातल्या एका गच्चीवर सातजणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तेच आजचं 'लिज्जत'. तोटा आला तरी देणगी मागायची नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा निश्चय. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद राहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. वर पापड, खाली स्टोव्ह! काम थांबलं नाही.

आता आपली वही उघडा. समजा, किलोभर पापडाला सामान १८० रुपयांचं, लाटण्याची मजुरी ६०, पिशवी-वाहतूक ३०. झाले २७०. पुष्कळजणी इथेच थांबतात नि २७० ला विकतात. पण दहा किलोंत अर्धा किलो तुटतो. म्हणजे २,७०० रुपये साडेनऊ किलोंतून वसूल व्हायला हवेत. भाव पडला २८४. तीनशेला विकलात तर दीडशे रुपये उरतील. ही रक्कम वाटून टाकू नका. डाळ महागली, पाऊस लांबला, तर तीच कामी येते.

आणखी दोन गोष्टी. ओळखीपाळखीतली उधारी लिहून ठेवा नि महिनाअखेर मागा. मागायला लाजू नका. आणि सेक्रेटरीबाईंचा वेळही खर्चात धरा. त्या आज फुकट राबतात, उद्या त्यांची जागा फुकट कोण घेणार?

गिऱ्हाईक "महाग आहे हो" म्हणालं, की आपला हात पहिल्यांदा मजुरीवर जातो. सामानात, पिशवीत, फेऱ्यांत काटकसर करून बघा. मजुरीला मात्र हात लावू नका. जिच्या चार पैशांसाठी मंडळ काढलं, तिच्याच ताटातला घास काढून मंडळ जगवायचं, तर ते काढलं कशाला?