टाकीला भोक पाडू नका, हवेची नळी साफ करा

शहापूर-मुरबाडहून पहाटे भाजी घेऊन कल्याणला निघता आणि पंपावर नोझल सारखं कट होतं. डिझेल फेसाळतं, वेळ जातो. मग कुणीतरी सांगतं, "टाकीला वरून भोक पाड, झटक्यात भरेल."

माझं स्पष्ट मत: असं करू नका. डिझेल आत जाताना तेवढीच हवा बाहेर पडावी लागते. त्यासाठीची नळी धुळीने, चिखलाने तुंबली की नोझल थांबतं. मेकॅनिककडून ती साफ करून घ्या. दबली असेल तर बदला.

भोकातून आपल्याकडचा पाऊस टाकीत शिरला, तर फ्युएल पंप आणि इंजेक्टर महिन्याची कमाई खातील. शिवाय टाकीला ड्रिल लावणं म्हणजे आगीशी खेळ.

धंद्यातही असंच आहे. जुगाड करण्याआधी अडलंय कुठे, ते बघा!