आलेखात पाणी भरताना

उन्हाळी आवर्तनाची चर्चा सुरू झाली की धरणसाठ्याचे आलेख जिकडेतिकडे दिसू लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर, बैठकीच्या टिपणात, वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर. त्यांत एक्सेलमधला एरिया चार्ट हमखास असतो, कारण रेषेखाली निळा रंग भरला की ते चित्र पाण्यासारखंच दिसतं. माझा आक्षेप नेमका या सोयीलाच आहे. नुसती रेषा त्या दिवशीची पातळी सांगते. रेषेखाली रंग भरला की वाचणारा त्या रंगाला साठा समजतो. मग तो रंग कुठून सुरू होतो, कोणावर चढतो आणि कोणाला झाकतो, हे एक्सेलवर सोडून चालत नाही.

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला धरणसाखळीचंच घ्या. वरसगावची उपयुक्त क्षमता 12.82 टीएमसी, पानशेतची 10.65, टेमघरची 3.71 आणि खुद्द खडकवासल्याची 1.97. एकूण 29.15. पहिल्या रकान्यात तारखा, पुढच्या चार रकान्यांत टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला अशी धरणं. सगळं सिलेक्ट करून साधा एरिया चार्ट घातला, की यादीतलं पहिलं धरण सर्वांत मागे जातं आणि बाकीची एकेक करून त्याच्या पुढे उभी राहतात. टेमघर वरसगावच्या मागे पार दिसेनासं होतं. यावर बहुतेक जण फॉरमॅट डेटा सीरिजमध्ये जाऊन फिलची ट्रान्सपरन्सी वाढवतात. टेमघर दिसतं खरं, पण दोन रंग एकमेकांवर पडून तिसराच रंग तयार होतो आणि तो लेजंडमध्ये कुठेच नसतो. चार धरणांची तुलनाच करायची असेल तर चार रेषा काढाव्यात. तिथे रंग भरण्याचं काही कारण नाही.

स्टॅक्ड एरिया घ्यायचा तो बेरजेसाठी. शहराला आणि कालव्याला पाणी साखळीच्या एकूण साठ्यातून मिळतं, त्यामुळे इथे तो योग्य आहे. मात्र थरांचा क्रम आपण ठरवायचा. सपाट पाया फक्त तळाच्या थराला मिळतो. वरचे थर खालच्याच्या चढउतारावर डुलत राहतात आणि पानशेतचा साठा जागचा हललेला नसतानाही त्याचा पट्टा वर चढताना दिसतो. मी खडकवासला तळाशी ठेवतो. वरच्या तिन्ही धरणांचं पाणी शेवटी तिथेच येतं आणि तिथूनच कालव्यात नि शहरात जातं, म्हणून त्याची पातळी वरून सोडलेल्या पाण्यावर सांभाळली जाते. त्याचा थर मुळातच पातळ, त्यामुळे तो वरच्यांना फारसा हलवत नाही. सिलेक्ट डेटाच्या खिडकीत यादीत जे नाव सर्वांत वर, तो थर तळाशी. बाणांनी तो क्रम बदलता येतो. आणि चार धरणांना चार भडक रंग देण्यापेक्षा एकाच निळ्याच्या चार छटा द्याव्यात, मध्ये बारीक पांढरी कड. मग नजर आपोआप वरच्या कडेवर, म्हणजे एकूण साठ्यावर जाते.

सर्वांत जास्त नुकसान उभा अक्ष करतो. ऑटोवर ठेवला तर तो शून्यापासून सुरू होईलच असं नाही, आणि वरचं टोक तर आकड्यांबरोबर बदलत राहतं. फक्त मे महिन्याचा चार्ट काढला आणि साठा पाच टीएमसीच्या आसपास असला, तर अक्षही तेवढ्यातच आटोपतो आणि निळा रंग चौकटभर पसरतो. ऐन टंचाईत धरण तुडुंब! फॉरमॅट अ‍ॅक्सिसमध्ये मिनिममला 0 आणि मॅक्सिममला 30 हाताने टाका, आणि वर्षभर तेच ठेवा. ही दहा सेकंदांची गोष्ट न करणं मला अक्षम्य वाटतं. शंभर टक्के स्टॅक्डचंही तेच. त्यात ऑगस्टचे 29 टीएमसी आणि मेमधले पाच सारख्याच उंचीचे दिसतात. साठा दाखवायला तो कधीच वापरू नये.

तारखांकडे कोणी बघत नाही. आपल्या कार्यालयांत 01.06.2024 असं टिंब देऊन तारीख लिहायची पद्धत आहे. एक्सेल तिला बहुधा तारीख मानत नाही, मजकूर मानतो. रकान्यात ती डावीकडे चिकटली असेल तर समजावं. मग मधल्या चार दिवसांच्या नोंदी नसल्या तरी दोन तारखा शेजारी शेजारी बसतात आणि चार दिवसांची घट एका रात्रीत झाल्यासारखी दिसते. तारीख आहे पण आकड्याची सेल रिकामी, असं असेल तर एरिया चार्ट तिला शून्य धरतो. सुट्टीच्या दिवशी धरण कोरडं पडतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतं. पाटबंधारे शाखेत फोन करून तो आकडा मिळवावा. मिळालाच नाही तर रेषेचा चार्ट घ्यावा, त्यात खंड खंड म्हणून दाखवता येतो.

1786 मध्ये विल्यम प्लेफेअरने इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापले, तेव्हा आयात आणि निर्यात या दोन रेषांमधल्या जागेत रंग भरला होता. रंग पडला तो फरकावर. धरणांसाठी मला हीच रीत सर्वांत उपयोगी वाटते. गेल्या दहा वर्षांतला त्या त्या तारखेचा सर्वांत कमी साठा हा पहिला थर, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांतला फरक हा दुसरा. दोन्ही स्टॅक करा, पहिल्याला नो फिल द्या, दुसऱ्याला फिका करडा. कॉम्बोमध्ये यंदाच्या साठ्याची जाड रेषा त्यावर टाका. पट्टा दोन्ही बाजूंना चौकटीला भिडत नसेल तर अक्षाची जागा ऑन टिक मार्क्स करा. रेषा करड्या पट्ट्याच्या खाली घसरली, की दहा वर्षांत या तारखेला इतकं कमी पाणी कधीच नव्हतं हे कोणालाही समजतं.

उजनी धरणाचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. तिथे एकूण 117.23 टीएमसीपैकी 63.66 मृत साठा आहे आणि उपयुक्त फक्त 53.57. उन्हाळ्यात उजनी वजा 50 टक्क्यांवर गेली, असं आपण वाचतो. उपयुक्त साठ्याचा एरिया चार्ट तेव्हा शून्याच्या खाली रंगतो, तारखा त्या रंगात बुडतात, आणि धरणात अजून सुमारे 37 टीएमसी पाणी आहे हे चित्रात कुठेच येत नाही. म्हणून उजनीसाठी एकूण साठाच रंगवावा, अक्ष 0 ते 120 ठेवावा आणि 63.66 वर एक लाल आडवी रेघ मारून तिच्यावर ‘मृत साठा’ असं स्पष्ट लिहावं.