दुर्बिणीच्या पोटात कोण पाहणार?

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावात 'दुर्बीण' म्हटले की आता कोणाला आकाशातील तारे आठवत नाहीत. स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने होते, पित्ताशयातील खडे दुर्बिणीने निघतात आणि पोटदुखी हटत नसली की 'एकदा दुर्बीण घालून पाहून घ्या' असा सल्ला मिळून रुग्ण शहादा, नंदुरबार, धुळे किंवा थेट सुरतेची वाट धरतो. १९९८ मध्ये नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०२० मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले. बहुसंख्य आदिवासी असलेल्या या जिल्ह्यात अशा तपासण्या जवळ येत आहेत, ही समाधानाचीच गोष्ट आहे. परंतु दुर्बिणीने रुग्णाच्या पोटात पाहिले जात असताना, खुद्द त्या दुर्बिणीच्या पोटात कोण पाहतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न वरवर वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. जठर पाहण्याची दुर्बीण म्हणजे सुमारे एक मीटर लांबीची लवचिक नळी. तिच्या आत जेमतेम तीन मिलिमीटर रुंदीचा एक पोकळ मार्ग असतो. मांसाचा नमुना घेणारा चिमटा त्यातूनच आत जातो आणि रक्त, लाळ, पित्त त्यातूनच बाहेर ओढले जाते. ही नळी उकळता येत नाही, कारण तिच्यातील प्लास्टिक आणि चिकटद्रव्ये तेवढी उष्णता सोसत नाहीत. म्हणून ती ब्रशाने घासून, रासायनिक द्रावणात बुडवून, स्वच्छ पाण्याने धुऊन आणि वाळवून पुढील रुग्णासाठी वापरली जाते. चिमट्याच्या वारंवार येण्याजाण्याने आतील मार्गावर ओरखडे पडतात, पापुद्रे सुटतात, ओल साचते. अशा खाचांमध्ये जंतूंचा चिवट थर धरला की ब्रश तेथवर पोहोचत नाही आणि द्रावणही पुरते भिनत नाही. बाहेरून मात्र नळी चकचकीत दिसते आणि पडद्यावरील चित्रही स्वच्छ येते.

अमेरिकेतील सिॲटल शहरातल्या एका रुग्णालयाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २०१२-१३ मध्ये तेथे पित्तमार्गाची तपासणी करून घेतलेल्या ३२ रुग्णांमध्ये औषधांना न जुमानणारे जंतू आढळले. दुर्बिणी धुण्याच्या रीतीत नियमभंग सापडला नाही. पुढे आठ दुर्बिणी उत्पादकाकडे तपासणीस पाठविल्या, तेव्हा त्यांपैकी सातांमध्ये दुरुस्ती आवश्यक ठरावी असा गंभीर दोष निघाला. वापरताना हे दोष जाणवलेच नव्हते. याचा अर्थ असा की, धुणारा हात कितीही प्रामाणिक असला तरी नादुरुस्त नळी स्वच्छ होईलच, याची खात्री नसते.

आपल्याकडची उदाहरणे तर अधिक क्लेशकारक आहेत. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगढमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात अवघ्या काही तासांत ८३ स्त्रियांवर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर तेरा जणी दगावल्या. मृत्यूचे कारण जंतुसंसर्ग की दूषित औषधे, यावर वाद झाला. परंतु एवढ्या घाईत प्रत्येक स्त्रीसाठी उपकरण नीट निर्जंतुक करणे आणि तपासून घेणे अशक्य होते, याविषयी वाद होण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

उपकरणांची देखभाल हा विषय शासनाच्या ध्यानातच नाही, असे नव्हे. सरकारी रुग्णालयांतील उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून अस्तित्वात आहे. जिल्हा रुग्णालयातील उपकरणे ९५ टक्के काळ चालू राहावीत, असे त्याचे उद्दिष्ट आहे. बंद पडलेल्या यंत्रांच्या देशात हे उद्दिष्ट योग्यच म्हटले पाहिजे. मात्र येथे मोजमाप आहे ते 'चालू' असण्याचे. आतून खरवडलेली दुर्बीण चालूच असते. किंबहुना ती विनातक्रार चालते, हाच तिचा धोका. हिशेबवहीत ती निर्दोष ठरते.

शहादा परिसराला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याची या भागाला ओळख आहे. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्याची यंत्रे उघडून तपासली जातात. बॉयलरची नियमित तपासणी तर १९२३ पासून कायद्याने बंधनकारक आहे. 'चालतोय ना, मग उघडायचा कशाला?' असे तेथे कोणी विचारीत नाही. उसाच्या रसाची वाफ करणाऱ्या यंत्राला जो न्याय, तो माणसाच्या घशातून उतरणाऱ्या नळीला का नसावा?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. जेथे मुळात दुर्बीणच दुर्मीळ, तेथे असले सोवळे परवडणार कसे? सदोष म्हणून ती बाजूला ठेवली तर रांगेतील रुग्णांनी जायचे कोठे? आक्षेपात तथ्य आहे. रुग्णालयात दुर्बीण एकच असली की तिच्यातील दोष पाहण्याचे धैर्यही कोणाला होत नाही, कारण दोष दिसला तर काम थांबते. परंतु यावरील उपाय डोळे मिटून घेणे हा नसून, खरेदीच्या वेळीच पर्यायी दुर्बिणीची तरतूद करणे हा आहे. शिवाय प्राथमिक तपासणी मुळीच महाग नाही. नळीत हवा भरून ती पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे येतात का ते पाहायचे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधण्याचीच ही रीत. छिद्र वेळीच सापडले तर आत पाणी शिरून होणारी मोठी दुरुस्तीही टळते. ओरखडे मात्र या रीतीने दिसत नाहीत. त्यांसाठी नळीच्या पोकळीत शिरणारा बारीक कॅमेरा मिळतो, आणि २०२१ च्या अमेरिकन मानकात अशा तपासणीचा समावेश आहे. प्रत्येक तालुक्याला तो नको. जिल्ह्याच्या ठिकाणी एक असला आणि तो हाताळणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ असला, तरी आसपासच्या सरकारी दुर्बिणी ठरावीक मुदतीने तेथे तपासून घेता येतील.

त्याहून स्वस्त, पण अधिक मोलाची गोष्ट म्हणजे नोंदवही. कोणत्या क्रमांकाची दुर्बीण कोणत्या दिवशी कोणत्या रुग्णासाठी वापरली, ती कोणी धुतली, हवेची चाचणी कोणी केली, हे त्या वहीत असले पाहिजे. ब्राह्मणपुरीचा शेतमजूर तपासणीनंतर काही आठवड्यांनी कामासाठी गुजरातेत जातो आणि तेथे तापाने आजारी पडतो. त्याचा ताप आणि नंदुरबारची किंवा धुळ्याची दुर्बीण यांचा संबंध कोण जोडणार? नोंद नसली तर संसर्ग झालाच नाही, असे कागदोपत्री सिद्ध होते, आणि सदोष नळी पुढच्या रुग्णाच्या घशात उतरत राहते.

म्हणून यापुढे दुर्बिणीच्या खरेदीचा कोणताही प्रस्ताव तिच्या तपासणीची, दुरुस्तीची आणि पर्यायी दुर्बिणीची तरतूद असल्याखेरीज मंजूर होऊ नये. लोकप्रतिनिधी नव्या उपकरणाचे उद्घाटन आनंदाने करतात, ते त्यांनी करावे. पण वर्षभराने त्याच उपकरणाची तपासणीची वही मागून पाहावी. तोंडात नळी धरून निमूटपणे पडून राहणाऱ्या रुग्णाला त्या घटकेस काहीच विचारता येत नाही. त्याच्या वतीने हा प्रश्न इतरांनीच विचारावा लागेल.