म्हणे नुसता काळा दगड!



परवा नातवाने अमेरिकेहून एक फोटो पाठवला. सिनसिनाटी शहराजवळ रस्त्यासाठी कापलेली टेकडी. एक थर करड्या चुनखडकाचा, त्यावर एक शेलचा, म्हणजे चिखल दबून झालेल्या ठिसूळ, पापुद्र्यांच्या दगडाचा. पुन्हा चुनखडक, पुन्हा शेल. जणू वह्यांचा गठ्ठाच रचून ठेवलेला! सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. त्यातले शिंपले अजून दगडातून डोकावतात. खाली चिरंजीवांनी लिहिले होते, "आजोबा, आपल्याकडे असलं काही नाही ना? आपला नुसता काळा दगड!"

राग आला. नातवाचा नाही, स्वतःचाच. हे त्यांना शिकवले कोणी? आम्हा मास्तरांनीच! 'महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टचा आहे' एवढे फळ्यावर लिहायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. पन्हाळ्याला सहली नेल्या, तीन दरवाजा दाखवला, अंबरखाना दाखवला. पण हे सारे ज्या दगडावर उभे आहे, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आमच्या कोडोलीहून पन्हाळा कितीसा लांब? खाली काळा पाषाण, माथ्यावर तांबूस, भोकाभोकांचा जांभा. हा जांभा त्या काळ्याच दगडाचा. ऊन-पावसाने बाकीचे वाहून नेले, लोखंडाचा अंश मागे उरला.

आणि काळा दगड तरी एकसंध कुठे आहे? पुणे-सातारा रस्त्यावर घाटाच्या कापलेल्या भिंती बघा. दोन काळ्या थरांमध्ये कुठे कुठे विटकरी पट्टा दिसतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला, थिजला, मग खंड पडला. तेवढ्यात वरचा दगड झिजून माती झाली, कुठे राख पडली. मग पुढचा लोंढा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. तो तांबडा पट्टा म्हणजे ज्वालामुखीची मधली सुट्टी!

चुनखडक आणि शेलच हवेत? तर तेही सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात, कलादगीच्या परिसरात आहेत. शंभर कोटी वर्षांहून जुने, म्हणजे सिनसिनाटीच्या दुपटीहून अधिक!

कुणी म्हणेल, "गुरुजी, याचा पोटापाण्याशी काय संबंध?" आहे ना. तो तांबडा थर मऊ असतो. पाणी पुष्कळदा त्यावर अडते आणि बाजूने पाझरते. थर भिजून झिजला की वरचा कातळ अधांतरी राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात खाली येतो. दरड कोसळली की आपण नशिबाला बोल लावतो. भिंत वाचायला शिकलो असतो तर धोका आधी कळला असता.

आता जिकडेतिकडे रस्ते रुंद होत आहेत. डोंगर कापला की जाळी ठोकतात, सिमेंट फवारतात. सुरक्षेसाठी ते हवेच, माझी तक्रार नाही. पण झाकण्यापूर्वी एक दिवस जवळच्या शाळा-कॉलेजांना सुरक्षित अंतरावरून ती भिंत दाखवा, फोटो काढा, थर मोजून ठेवा. एवढे मागणे जास्त आहे का? लाखो वर्षांत लिहिलेली वही न वाचताच आपण बंद करतो आहोत.

नातवाला कळवले आहे, पुढच्या सुट्टीत ये, जांभा दाखवतो. माझा राहिलेला तास तेवढाच भरून निघेल.

असो. तुमच्या गावच्या रस्त्याकडेला कोणते थर दिसतात, जरूर कळवा.