जागं कोणी कोणाला केलं?

महाराष्ट्राच्या विधानसभेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा एकच आमदार आहे. २०१४ ला तो कळवणमधून आला, २०१९ आणि २०२४ ला डहाणूतून. दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. ज्या गिरणगावातून एकेकाळी लाल बावट्याचे आमदार निवडून यायचे, तिथे आता टॉवर उभे आहेत. म्हणजे सभागृहात हा पक्ष टिकला तो गिरणी कामगारांमुळे नाही, प्राध्यापकांमुळे तर नाहीच. आदिवासींमुळे टिकला.

तरीही डाव्यांच्या गोष्टीत आदिवासी कायम 'जागा झालेला' असतो आणि जागं करणारा कुणी दुसराच असतो. गोदावरी परुळेकरांच्या पुस्तकाचं नावच 'जेव्हा माणूस जागा होतो'. पुस्तक मोठं आहे आणि गोदूताई त्याहून मोठ्या. माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्या नावाचा जो सोयीस्कर अर्थ पुढे रूढ झाला त्याच्याशी आहे: शहरातून शहाणा माणूस गेला आणि मग जंगलातल्याला भान आलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात कोडची कुठली ओळ कुणी लिहिली याची नोंद राहते. चळवळीचीही तशी नोंद काढून बघू.

जानेवारी १९४५, टिटवाळा. किसान सभेच्या अधिवेशनात माह्या धांगडा नावाचा वारली उभा राहिला आणि त्याने आपल्या लोकांची वेठबिगार सगळ्यांसमोर सांगितली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघं जमीनदाराकडे राबायची. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. परुळेकर पती-पत्नी तलासरी-उंबरगावात मुक्काम ठोकून बसले ते यानंतर. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. संघटना परुळेकरांनी उभी केली, हे खरंच. पण वेठ मोडली ती गावंच्या गावं काम नाकारून बसली म्हणून. छातीवर गोळ्या झेलणाऱ्यांना जागं करायची गरज नव्हती. त्यांना सोबत हवी होती.

सत्तरच्या दशकात शहाद्यात हेच झालं. अंबरसिंग सुरतवंती हा तिथलाच भिल्ल कार्यकर्ता आधीपासून लोकांना उभं करत होता. शहरांतली शिकलेली पोरं नंतर आली. त्यांच्यात आयआयटीतून इंजिनिअर झालेले कुमार शिराळकरही होते. त्यांनी तिथे आयुष्य दिलं. मार्क्स ते घेऊन आले असतील, पण जमीन कुणाच्या हातून कशी गेली, हे त्यांना तिथल्या लोकांनी शिकवलं.

आता देशपातळीवर या. २००२ मध्ये केंद्राने जंगलातली 'अतिक्रमणं' हटवायचा आदेश काढला आणि देशभरातल्या आदिवासी संघटना एकत्र आल्या. २००४ नंतर डाव्यांचे साठेक खासदार होते आणि सरकार त्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं. २००६ चा वनहक्क कायदा या दोन गोष्टींच्या जोडीतून झाला. आपल्यावर 'ऐतिहासिक अन्याय' झाला, हे आदिवासींचं म्हणणं संसदेने कायद्याच्या प्रस्तावनेत मान्य केलं. डाव्यांच्या खात्यावर जमा असलेल्या मोजक्या मोठ्या कायद्यांपैकी हा एक. त्याची मागणी कुठल्या पक्ष कार्यालयात जन्मली नव्हती.

मार्च २०१८. नाशिकहून मुंबई, सुमारे १८० किलोमीटर. भेगाळलेल्या पायांचे फोटो तुम्हीही शेअर केले असतील. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून ते लोक सोमय्या मैदानापासून आझाद मैदानापर्यंत रात्रीतून चालत गेले. आपण म्हणालो, 'शेतकरी मोर्चा'. नाव किसान सभेचं होतं, कर्जमाफीची मागणीही होती. पण चालणाऱ्यांत बहुसंख्य आदिवासी होते आणि त्यांची मुख्य मागणी वनपट्ट्यांची होती. 'शेतकरी' म्हटलं की मनात सातबारावाला येतो. ज्याची पिढ्यानपिढ्या कसलेली जमीन कागदावर वनखात्याची आहे, तो दिसेनासा होतो.

कुणी म्हणेल, वर्ग महत्त्वाचा, ओळखीचं राजकारण कशाला? त्यांनी लालगढ आठवावं. पश्चिम बंगालमध्ये नोव्हेंबर २००८ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यावर स्फोट झाला आणि पोलिसांनी संथाळ गावांवर राग काढला. गावं पेटून उठली. डाव्यांच्या सरकारला त्यात फक्त माओवादी दिसले. माओवादी तिथे होतेच, त्यांनी माणसंही मारली. पण गावांचा संताप माओवाद्यांनी पोत्यात भरून आणलेला नव्हता. २०११ ला ३४ वर्षांची सत्ता गेली. कारणं बरीच होती, पण आपल्याच माणसांना न ओळखणं हे त्यांतलं एक होतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आदिवासी म्हणजे डाव्यांच्या मोर्च्यांना गर्दी पुरवणारी शाखा नाही. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा माथ्यावर घ्यायची तर ग्रामसभेचा नकारही घ्यावा लागेल, मग प्रकल्प आपल्या सरकारचा असला तरी. उमेदवारी राखीव जागेपुरती आणि भाषण मोर्च्यापुरतं, हे आता चालणार नाही. पक्षाचा कार्यक्रम लिहायला बसताना तलासरी आणि सुरगाण्याची माणसं त्या टेबलाशी हवीत, पेन त्यांच्या हातात हवं.

आणि आपण, फोनवर हे वाचणाऱ्यांनी? पुढचा मोर्चा निघेल तेव्हा पायांच्या फोटोखाली 'बळीराजा' लिहिण्याआधी मागण्यांचा कागद उघडून पहिली मागणी वाचा.