चालतंय ना, मग चालू दे!

न्हावी बदलायला मला सात वर्षं लागली. जुन्या न्हाव्यानं दोनदा कानाला कात्री लावली, एकदा अर्धं डोकं भादरून तो फोनवर बोलायला रस्त्यावर गेला तो वीस मिनिटांनी उगवला, तरी मी त्याच्याकडेच जात राहिलो. "सवय झालीय हो," असं मी लोकांना सांगत असे. शेवटी त्यानंच दुकान विकलं म्हणून सुटलो. वाण्याचीही हीच कथा, दूधवाल्याचीही. तेव्हा असला माणूस चौसष्टाव्या वर्षी संगणकातला ब्राउझर बदलायचं जाहीर करतो, हे ऐकून आमच्या हिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला यात तिचं काही चुकलं नाही.

जुना ब्राउझर चौदा वर्षांचा. त्याचं नाव मी सांगणार नाही. ज्याच्याबरोबर चौदा वर्षं संसार केला त्याचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं आणि उखाणा मला सुचत नाही. नव्याचं सांगायला हरकत नाही. फायरफॉक्स. नवा म्हणजे मला नवा. त्याची पहिली पक्की आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली, म्हणजे मुलगा आता लग्नाच्या वयाचा झालाय.

हे सगळं लिहायचं कारण माझा भाचा. तो संगणकाच्याच धंद्यात आहे, आणि त्या धंद्यातली माणसं आपल्याशी जशी दयाळूपणानं बोलतात तसा तो माझ्याशी बोलतो. "मामा, कशाला त्रास घेता? फरक काय पडतो? पान तेच दिसतं. आणि सगळं जग तेच वापरतंय."

आता या 'सगळ्या जगा'ची आणि माझी जुनी ओळख आहे. २००३ च्या सुमारास सगळं जग इंटरनेट एक्सप्लोरर वापरत होतं. दहातले नऊ जण तरी नक्की. त्या काळी मराठी वर्तमानपत्रं संगणकावर वाचायची म्हणजे प्रत्येक पेपराचा फॉन्ट निराळा, आणि तो आपोआप उतरून मराठी दिसायची ती बहुधा एक्सप्लोररमध्येच. दुसऱ्या कशात पान उघडलं की अग्रलेखाच्या जागी मांजर कळफलकावरून चालत गेल्यासारखी रोमन अक्षरं. (काही अग्रलेख त्यामुळे बिघडत नसत, ते सोडा.) सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी तर 'हे पान एक्सप्लोररमध्येच उत्तम दिसते' अशी ओळ असायची, देवळाच्या पायरीवर दात्याचं नाव असावं तशी. मग सगळं जग मुठीत आल्यावर त्या कंपनीनं काय केलं? झोप काढली. सहावी आवृत्ती २००१ ला आली, सातवी २००६ ला. पाच वर्षं! तीही आली ती हा फायरफॉक्स दारात येऊन कडी वाजवायला लागल्यावर. आणि १५ जून २०२२ ला एक्सप्लोरर अधिकृतपणे निवृत्त झाला, तेव्हा सगळं जग म्हणालं, बरं झालं, कटकट गेली. त्यामुळे 'सगळं जग तेच वापरतंय' असं कुणी म्हटलं की मी खिसा चाचपतो.

आता दुसरा मुद्दा, फरक काय पडतो. हा प्रश्न भाच्यानं मला न विचारता गूगलला विचारायला हवा होता. अमेरिकेत त्या कंपनीवर मक्तेदारीचा खटला झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की शोधयंत्राच्या धंद्यातली मक्तेदारी कंपनीनं बेकायदा टिकवली. त्या खटल्यात एक आकडा बाहेर आला. तो वाचून मी चहा खाली ठेवला. लोकांच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये शोधयंत्र म्हणून आपलंच नाव आधीपासून लावलेलं असावं, एवढ्यासाठी गूगलनं एकट्या २०२१ सालात मोजले २,६३० कोटी डॉलर. रुपयांत, त्या वेळच्या भावानं, दोन लाख कोटींच्या आसपास.

नीट लक्षात घ्या हं. हे नाव बदलता येत नाही असं नाही. सेटिंगमध्ये जायचं, दोन ठिकाणी बोट लावायचं, बदललं. कुलूप नाही, किल्ली नाही. मग एवढे पैसे कशाचे? तर तुम्ही-आम्ही ते बोट लावणार नाही, या खात्रीचे. 'चालतंय ना, मग चालू दे' या आपल्या राष्ट्रीय वाक्याचे! माझ्या आळसाला घरात कुणी कधी किंमत दिली नाही. ही तर चाळीस वर्षं त्याला फुकटच म्हणत आली. आणि तिकडे त्याच आळसाचा बाजारभाव लाख कोटींत चाललेला, त्यातली दमडी मला मिळालेली नाही. ब्राउझर स्वतःच्याच घरचा असला तर तेवढे पैसेही कुणाला मोजावे लागत नाहीत, हे वर.

"पण मामा, क्रोम नको तर दुसरे आहेत ना ढीगभर," असं यावर उत्तर येतं. आहेत. ऑपेरा आहे, ब्रेव्ह आहे, मायक्रोसॉफ्टचा एज आहे. पण ऑपेरानं २०१३ मध्ये आपलं जातं विकून क्रोमियमच्या गिरणीत दळण टाकलं, एजनं जानेवारी २०२० पासून तेच केलं, ब्रेव्हचंही पीठ तिथलंच. पिशव्या निराळ्या. स्वतःचं जातं राखून असलेली मोठी घरं म्हणजे ॲपलचा सफारी आणि हा फायरफॉक्स. दळणाचे नियम गिरणीवाला ठरवणार. २०२४-२५ मध्ये क्रोमनं जोड-कार्यक्रमांचे नियम बदलले आणि 'यूब्लॉक ओरिजिन' हा जाहिराती अडवणारा लोकप्रिय पहारेकरी त्यात बाद झाला. कारण सुरक्षिततेचं दिलं. असेलही. पण ज्याचं पोट जाहिरातींवर आहे त्यानं जाहिराती अडवणाऱ्याच्या सुरक्षिततेचे नियम ठरवायचे, म्हणजे दुधाची चौकशी बोक्याकडे. सरकारनं कोर्टाला सांगून पाहिलं, की यांना क्रोम विकायला लावा. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ते नाकारलं. म्हणजे हलायचं तर आपलं आपणच.

हललो. आणि तिथंच खरी गंमत कळली. नवा ब्राउझर म्हणाला, पासवर्ड द्या. मला एकही आठवेना! बँकेचा नाही, विजेच्या बिलाचा नाही, गॅसचा नाही. चौदा वर्षं मी ते सांगत होतो आणि जुना लक्षात ठेवत होता. भाच्यानं (कुरकुरत का होईना) सगळे पासवर्ड एका फाइलीत काढून दिले. एकूण त्र्याऐंशी. मी ती यादी वाचत बसलो. मुलीच्या लग्नाच्या वेळचं वधूवर मंडळ. तीन वेळा विसरून तीन वेळा उघडलेलं रेल्वेचं खातं. आणि मधेच, रक्ततपासणीचे रिपोर्ट बघायचं नानांचं खातं. पासवर्ड 'नाना१९३४'. नाना २०१६ मध्ये गेले. शेवटच्या दोन महिन्यांत मी रोज रात्री ते पान उघडत होतो, आकडा खाली आलाय का बघायला. मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता. घरातल्या कुणाला ठाऊक नाही असं ते माझं, मी कुणाच्या फडताळात ठेवून दिलं होतं इतकी वर्षं?

भाचा तेव्हा काही बोलला नाही. नंतर एवढंच म्हणाला, "मामा, ती फाइल पुसून टाका आता. साधी आहे, कुणीही वाचेल." दागिन्यांचा डबा ओट्यावर ठेवून मी दोन तास बसलो होतो. पुसली. नानांचं तेवढं वहीत लिहून घेतलं.

फायरफॉक्स धुतल्या तांदळासारखा आहे असं माझं म्हणणं नाही. तो चालवणारं मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था, पण तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं गूगलकडूनच येत आला आहे, त्याच शोधयंत्राच्या करारापोटी. विरोधी पक्षाची चूल सत्ताधाऱ्यांच्या लाकडावर. हे भाच्यानं मोठ्या आनंदानं मला ऐकवलं. मी म्हटलं, अरे, चूल विझावी असं वाटत असेल तर तू जेवू नकोस, मी जेवतो.

अडचणी आल्याच. आमच्या बँकेचा एक अर्ज नव्यात उघडेना. फोन केला. पलीकडची मुलगी गोड होती. "सर, तुमचा ब्राउझर सपोर्टेड नाहीये. तुम्ही आधी कुठला वापरत होतात?"

नाव घ्यावं लागलं.

"मग तोच वापरा ना सर. सगळे तोच वापरतात."

पैसे माझे, खातं माझं, आणि माझ्याच पैशांपाशी कुठल्या दारानं जायचं ते बँक सांगणार! असं मी तिला बोललो नाही. ती कुणाची तरी भाचीच असणार.

तेव्हा त्या एका अर्जापुरता जुना ब्राउझर संगणकात राहिलाय. तीन महिन्यांतून एकदा उघडतो. उघडला की तो आधी विचारतो, मला पुन्हा मुख्य ब्राउझर करता का? परवा पाचव्यांदा 'आत्ता नको' वर बोट ठेवलं. नुसतं 'नको' म्हणायची सोय त्यात मला अजून सापडलेली नाही.