डोंगरातील थंडी आणि जिल्ह्याचे आकडे

दरवर्षी हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात आणि त्याच दिवशी हवामान खात्याच्या तक्त्यात महाबळेश्वरचे किमान तापमान आठ-दहा अंशांच्या, कधी त्याहूनही वरच्या घरात दिसते. चिकित्सक वाचकाला प्रश्न पडतो, की यांतील खरे काय? वस्तुतः दोन्ही खरे आहे. वेधशाळा पठाराच्या उंच भागी आहे आणि तिचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती असलेल्या पेटीत ठेवलेला असतो. तलाव आणि लिंगमळ्याकडील भाग सखल. निरभ्र, निर्वात रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिच्यालगतची हवा गार आणि म्हणून जड होते, आणि पाण्याप्रमाणे उतारावरून ओघळत खोलगट भागात साचते. गवताच्या पात्याजवळचे तापमान पेटीतील तापमानापेक्षा कित्येक अंशांनी खाली गेलेले असते. आपल्या भूगोलाच्या पुस्तकांतून ‘तापमानाची विपरीतता’ या नावाने जी गोष्ट दोन गुणांच्या प्रश्नापुरती शिकवली जाते, ती हीच.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. डिसेंबर-जानेवारी हे आपल्याकडे शालेय सहलींचे, गिरिभ्रमणाचे आणि अलीकडे तलावाकाठच्या तंबूंतील मुक्कामाचे महिने. पवना आणि भंडारदऱ्याच्या जलाशयांकाठी शनिवार-रविवारी तंबूंची वसाहतच उभी राहते. साम्रदच्या सांदण दरीत, हरिश्चंद्रगडावर, कळसूबाईवर मुक्कामाला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. जुलै २०२५ मध्ये साल्हेर, राजगड, लोहगड, रायगड आदी मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला. ही गर्दी आता वाढणार, कमी होणार नाही. या माणसांपैकी बहुतेक जण निघण्यापूर्वी हवामान पाहतातही. परंतु त्यांच्या हाती पडतो तो जिल्ह्याचा किंवा शहराचा अंदाज. पुण्याचे किमान तापमान अमुक, नाशिकचे तमुक. ज्या जागी ते रात्र काढणार, त्या जागेविषयी हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही.

एकट्या पुणे शहराचेच पाहा. थंडीच्या एखाद्या पहाटे पाषाण आणि मगरपट्टा यांच्या तापमानांत कित्येक अंशांचा फरक नोंदला जातो. एका शहरात ही स्थिती, तर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आणि त्याच्या पायथ्याचा जलाशय यांना एकाच आकड्यात कोंबण्यात काय अर्थ? तिकडे निफाडचा द्राक्ष बागायतदार हे केव्हाच ओळखून आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील सपाटीवर पारा घसरला, की तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो आणि वेलींना पाणी सोडतो. जिल्ह्याचा आकडा ऐकून तो स्वस्थ बसत नाही. सहलीला निघालेला शहरी माणूस मात्र बसतो.

परिणामी एक उलटेच चित्र दिसते. ‘उंचावर थंडी जास्त’ हा सर्वांचा समज, आणि दिवसा तो बरोबरही असतो. हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. परंतु स्वच्छ आणि वाराविरहित रात्री दरीचा तळ हाच सर्वांत थंड असतो आणि उताराचा मधला पट्टा त्या मानाने उबदार. आपले तंबू नेमके त्या तळाशी, पाण्याच्या कडेला लागतात, कारण तेथे गाडी पोहोचते आणि छायाचित्र सुंदर येते. मग पहाटे दोन-तीनच्या सुमारास दवाने भिजलेल्या तंबूत कोणीतरी निखाऱ्यांची शेगडी आत घेते. बंदिस्त जागेत निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही.

गडमाथ्याचा धोका निराळा. तेथे वारा असतो. पाच अंश तापमानात ताशी चाळीस किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते तापमान शून्याच्या आसपास भासते. घामाने भिजलेला सुती सदरा अंगावर असेल तर प्रश्नच मिटला. शरीराचे आतले तापमान पस्तीस अंशांखाली गेले की माणूस अडखळतो, बरळतो, चुकीचे निर्णय घेतो. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. जून २०२४ मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर खराब हवामानात सापडलेल्या बावीस जणांच्या कर्नाटकी तुकडीतील नऊ जण दगावले. ती उंची चार हजार मीटरच्या वरची होती हे खरे, तथापि वारा, ओल आणि थकवा यांचे गणित सह्याद्रीत काही वेगळे नसते.

त्यातच आपला हिवाळा फसवा. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ सरकला की ऐन जानेवारीत ढग येतात, कधी पाऊसही; रात्र उबदार वाटते. तो ओसरला की आकाश स्वच्छ होते, उत्तरेचा कोरडा वारा वाहू लागतो आणि दोनच रात्रींत पारा कोसळतो. पुण्याने १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सियस पाहिले आहे. दिवसा तीस अंशांचे ऊन आणि पहाटे दहाच्या खाली, असा फरक येथे नित्याचा. सूर्य सहाच्या सुमारास मावळत असला तरी खोल दरीत तो त्याच्या बराच आधी कड्याआड जातो. सांदणसारख्या अरुंद घळीत तर ऊन जेमतेम डोकावते आणि डोहातले पाणी दुपारीही बोचते.

नद्यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. पावसाळ्यानंतर आपल्या नद्यांचे पाणी आकाशावर नव्हे, धरणाच्या दरवाजांवर अवलंबून असते. कोलाडला कुंडलिकेत नौकानयन चालते तेच मुळी वरच्या जलविद्युत प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर. रब्बीचे आवर्तन सुटले किंवा विजेची मागणी वाढली, की निरभ्र आकाशाखाली नदी चढते. काठावर स्वयंपाक मांडून बसलेल्या सहलीला ढग पाहून हे कळण्याचा मार्ग नाही.

मग उपाय काय? प्रशासनाचा आवडता उपाय म्हणजे बंदी. तो सोपा असतो, एका आदेशात संपतो, आणि त्याने कोणालाच काही शिकवले जात नाही. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. आयोजकांवर नोंदणीचे आणि सुरक्षेचे बंधन घालणारे हे पाऊल स्वागतार्ह होते. पण ज्या हवामानाच्या आधारे आयोजकाने निर्णय घ्यावा, ते त्याला कोण सांगणार?

इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात हेल्वेलिन नावाचा ९५० मीटरचा डोंगर आहे, आपल्या हरिश्चंद्रगडाहून पावणेपाचशे मीटरनी ठेंगणा. हिवाळ्यात तेथील राष्ट्रीय उद्यानाचा निरीक्षक रोज तो डोंगर चढतो, माथ्यावरचे तापमान, वारा, बर्फ यांची पाहणी करतो, आणि ती माहिती त्याच दिवशी लोकांना मिळते. आपल्याकडे बर्फ नाही, रोज माणूस चढवण्याचीही गरज नाही. ‘महावेध’ प्रकल्पात शेतीसाठी दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. अर्थात ती गावांत आहेत, माथ्यांवर नाहीत. म्हणजे जोडीतील पायथ्याचे अर्धे काम झालेलेच आहे. गर्दीच्या दहा-बारा गडांवर वारा आणि तापमान मोजणारी केंद्रे बसवली, सखल भागातील दोन-चार ठिकाणी गवतालगतच्या तापमानाची नोंद घेतली, आणि त्यांत धरणांच्या विसर्गाची वेळ जोडली, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीपर्यंत दर गुरुवारी सह्याद्रीसाठी स्वतंत्र पत्रक काढता येईल. ते मराठीत असावे आणि आकड्यांपेक्षा माणसाला समजेल असे असावे: माथ्यावर वारा किती, तळाशी दव की हिमकण, पहाटे घाटात धुके किती वाजेपर्यंत. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’साठी दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. त्या मानाने हा खर्च किरकोळ.

थंडीच्या लाटेचा निकषही या निमित्ताने तपासावा. सपाटीवर किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली आल्यावर लाटेचा विचार सुरू होतो, डोंगराळ भागात शून्यावर. हा शून्याचा दंडक हिमालयाच्या मापाचा आहे. तो सह्याद्रीला लावला, तर आपल्या डोंगरांत थंडीची लाट म्हणून कधी इशाराच निघणार नाही.

आज ही माहिती ज्यांच्यापाशी आहे ते लोक म्हणजे पाचनई, साम्रद, बारी या गावांतील वाटाडे आणि वाट चुकलेल्यांना शोधायला रात्री-अपरात्री स्वखर्चाने धावणारे गिर्यारोहक स्वयंसेवक. पत्रक काढायचे ठरले तर पहिली बैठक त्यांच्याबरोबर व्हावी, आणि ती येत्या सहलींचा हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हावी. तोवर मुलांना घेऊन निघणाऱ्या शिक्षकांनी जिल्ह्याच्या आकड्यावर न थांबता मुक्कामाच्या गावी दूरध्वनी करून काल पहाटे गवत पांढरे होते काय, एवढे विचारून घ्यावे.